रिफंडचा अर्ज आमचा नाही, पण आमच्याच नावानं भरलाय

प्रश्न थोडक्यात असा. हिंगणा एमआयडीसीतली भागीदारी फर्म. इलेक्ट्रिक पॅनल बनवून सरकारी खात्यांना पुरवतात, त्यामुळे कापला गेलेला टीडीएस जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या रोख शिलकीच्या खात्यात) साचत गेला होता, साधारण ११ लाख. या महिन्यात अकाउंटंट थ्री-बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न, भरायला बसला तर लेजर जवळजवळ रिकामं, आणि भरायचा कर मात्र नेहमीच्या दुप्पट. शोधल्यावर कळलं की नऊ दिवसांपूर्वी कॅश लेजरमधल्या शिलकीच्या परताव्यासाठी आरएफडी-०१ हा अर्ज भरला गेलाय, फर्मच्या प्रोफाइलमध्ये एक अनोळखी अधिकृत स्वाक्षरीदार आणि परराज्यातल्या शाखेचं एक नवं बँक खातं आलंय, आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नला पुरवणी असलेल्या जीएसटीआर-१ए फॉर्ममधून १४ बिलं चढवली आहेत, जी फर्मनं कधी कापलीच नाहीत. पासवर्ड मात्र जुनाच चालतो. फर्मच्या भागीदार ताई विचारतात: पैसे गेले का? आधी कुणाकडं जायचं? आणि उद्या खातं आम्हालाच चोर ठरवेल का?

ताई, पैसे बहुधा गेलेले नाहीत. आरएफडी-०१ भरला की मागितलेली रक्कम त्याच क्षणी लेजरमधून वजा होते. ती बँकेत जात नाही, अधांतरी असते. तिथून पुढं पोच, मग छाननी, मग मंजुरीचा आदेश, आणि कायद्यानं एकूण ६० दिवसांची मुदत. निर्यातदारांना मिळतो तसा ९० टक्के आगाऊ परतावा कॅश लेजरच्या अर्जाला नसतो. म्हणजे नवव्या दिवशी तुम्ही जागे झालात हे वेळेत झालं. पण आता एकेक दिवस मोजा.

सगळ्यात आधी कुठल्याच बटणाला हात न लावता पुरावा गोळा करा. नव्या स्वाक्षरीदाराचं पान, बँक खात्याचं पान, रिफंड अर्जाचा एआरएन (संदर्भ क्रमांक) आणि त्याची पीडीएफ, कॅश लेजरचा तीन महिन्यांचा उतारा, जीएसटीआर-१ए ची पूर्ण प्रत, दुरुस्तीच्या अर्जांची यादी तारखांसकट. पडद्याचे फोटो घेताना कोपऱ्यातली तारीख-वेळ दिसू द्या. घाबरलेला माणूस आधी चोराचं नाव काढून टाकतो आणि मग पोलिसांना दाखवायला त्याच्याकडे काही उरत नाही. मी हे तीन-चार वेळा पाहिलंय.

मग त्याच दिवशी तुमच्या अधिकाऱ्याला पत्र. तुमची फर्म केंद्राकडे आहे की राज्याकडे, हे पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये आपला जीएसटी नंबर टाकला की ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस’ या ओळीत दिसतं. बरेच जण सवयीनं जुन्या विक्रीकराच्या ऑफिसात जातात आणि दोन दिवस घालवतात. पत्रात कहाणी नको. एआरएन, तारीख, रक्कम, खात्याचा तपशील, आणि एकच मागणी: हा अर्ज आमचा नाही, यावर मंजुरीचा आदेश काढू नये. ई-मेल कराच, पण आवक शिक्का मारलेली प्रत हातात घेतल्याशिवाय परतू नका. हा शिक्का पुढं तुमच्या किती कामी येणार आहे ते खाली सांगतो.

पत्र दिल्यावर अर्ज मागे घ्या. आरएफडी-०१डब्ल्यू नावाचा फॉर्म २०२१ पासून नियमांत आहे, पण तो वापरलेला माणूस मला फारसा भेटत नाही. मंजुरीचा आदेश, पैसे देण्याचा आदेश किंवा नकाराची नोटीस यांपैकी काही निघायच्या आत अर्जदाराला अर्ज मागे घेता येतो आणि वजा झालेली रक्कम लेजरमध्ये परत येते. अर्ज चोरानं भरला असला तरी कागदावर अर्जदार तुमचीच फर्म आहे, म्हणजे मागे घेण्याचा हक्कही तुमचाच. जुने भागीदार अजून स्वाक्षरीदारांच्या यादीत आहेत, तेव्हा सही त्यांच्या नावानं करता येईल. फक्त ओटीपी कुठं जातो ते आधी बघा. ईव्हीसीचा, म्हणजे ऑनलाइन सहीचा, ओटीपी मोबाइल आणि ई-मेल दोन्हीकडे जातो, त्यातलं एक जरी दुसऱ्याच्या हातात असलं तरी त्याचं काम भागतं. तुमच्याकडं चोर शिरला तो, माझा अंदाज, याच वाटेनं.

ओटीपी तुमच्यापर्यंत येतच नसेल तर पोर्टलशी झटापट करण्यात अर्थ नाही. अधिकाऱ्याकडं भागीदारी करारनामा, पॅन, भागीदारांची ओळखपत्रं घेऊन जा. मोबाइल आणि ई-मेल बदलून नवा पासवर्ड देण्याची सोय त्यांच्या लॉगिनमध्ये आहे. हे होईस्तोवर आरएफडी-०१डब्ल्यू थांबेल, पण तुमचं पत्र टेबलावर असलं तर अधिकारी त्रुटीपत्र किंवा आरएफडी-०८ ही नकाराची नोटीस काढून अर्ज अडवू शकतात. पोर्टलच्या मदत कक्षाकडं, १८००-१०३-४७८६ वर, तक्रार नोंदवून तिकीट नंबर घ्या. त्यांच्याकडून तातडीची मदत मिळेल अशी आशा धरू नका. कुठल्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता लॉगिन झालं ही माहिती त्यांच्याकडं असते, आणि पुढं पोलिसांनी ती मागितली तर तुमची नोंद तारखेसह तिथं असावी एवढ्यासाठी ते तिकीट.

११ लाखांची एवढी चर्चा झाली, पण मला जास्त काळजी त्या १४ बिलांची आहे.

हे टोळीवाले परतावा दोन प्रकारे काढतात. एक सरळ, तुमच्या लेजरमधला पैसा तुमच्या नावानं मागायचा. दुसरा आडवळणाचा आणि त्यांच्या दृष्टीनं फार मोठा. तुमच्या चांगल्या, जुन्या, वेळेवर रिटर्न भरणाऱ्या नंबरावरून खोटी बिलं काढायची. समोरच्या कागदी फर्मच्या टू-बी या पत्रकात त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, उमटतं. ते क्रेडिट आणखी दोन-तीन फर्ममधून फिरवायचं, आणि शेवटची फर्म निर्यात दाखवून सरकारकडून रोख परतावा घेते. म्हणजे पैसे भलत्याच बंदरावर निघतात, आणि माग काढत तपास मागं आला की साखळीतलं एकमेव खरं दार, खरी मशीन, खरे कामगार तुमच्या हिंगण्याच्या शेडमध्ये सापडतात. बाकीच्यांच्या पत्त्यावर पानठेला किंवा मोकळा प्लॉट.

जीएसटीआर-१ए वापरणं ही टोळीची हुशारी. जुलै २०२४ च्या कालावधीपासून आलेला हा फॉर्म जीएसटीआर-१ भरल्यानंतर आणि थ्री-बी भरण्याआधी राहिलेली बिलं टाकण्यासाठी आहे. तुमच्या अकाउंटंटनं टॅलीतून फाइल चढवून जीएसटीआर-१ भरला, काम झालं म्हणून टॅब बंद केली. त्यानंतरच्या आठवड्यात कुणी तिथं फिरकत नाही. चोर फिरकला. एका कालावधीसाठी हा फॉर्म एकदाच भरता येतो, म्हणजे ती संधीही तो वापरून गेला. आता ती बिलं तुम्हाला पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मधल्या दुरुस्तीच्या तक्त्यातूनच शून्यावर आणता येतील.

मग या महिन्याच्या थ्री-बीचं काय? इथं सल्लागारांत मतभेद होतील, मी माझं सांगतो. खोट्या बिलांचा कर भरून टाकू आणि पुढं बघू, असं करू नका. कर भरला म्हणजे बिल आपलं असं कबूल केल्यासारखं दिसतं, आणि समोरच्याचं क्रेडिट तुम्हीच पक्कं करून देता. पोर्टल तो आकडा कमी करू देत असेल तर कमी करून खरा कर भरा. मग फरकाबद्दल खात्याकडून डीआरसी-०१बी ही विचारणा येईल, त्याला सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पुढचा जीएसटीआर-१ अडतो. उत्तरात तुमच्या पत्राची आवक तारीख आणि पोलिस तक्रारीचा क्रमांक टाका. पोर्टल आकडा कमी करू देत नसेल तर अधिकाऱ्याला २० तारखेच्या आत कळवून थ्री-बी थोडा उशिरा भरणं मी पत्करेन. दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं, त्यालाही उलाढालीप्रमाणे मर्यादा आहे. व्याजाची भीती असेल तर तुमचा खरा कर चलनानं २० तारखेच्या आत कॅश लेजरमध्ये भरून ठेवा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर मुदतीत लेजरमध्ये असलेल्या आणि रिटर्न भरताना त्यातून वळत्या झालेल्या रकमेवर उशिराचं व्याज लागत नाही. फक्त तो पैसा टाकण्याआधी चोराचा स्वाक्षरीदार काढलेला असू द्या, नाहीतर त्यालाच आणखी खाऊ घातल्यासारखं होईल.

त्या १४ बिलांवरच्या खरेदीदारांचे जीएसटी नंबर, बिल क्रमांक, रकमा असा वेगळा तक्ता करून अधिकाऱ्याला द्या. नियम ८६-ए खाली समोरच्यांचं क्रेडिट गोठवता येतं, पण ते त्यांच्या हद्दीतल्या अधिकाऱ्यानं करायचं असतं. तुमचा तक्ता जितका नीट, तितका तो लवकर पुढं सरकतो. त्या फर्मना स्वतः फोन करून जाब विचारायचा मोह होतो. करू नका. सावध झाले की क्रेडिट पुढच्या फर्ममध्ये सरकवायला त्यांना एक संध्याकाळ पुरते.

आता तुमचा तिसरा प्रश्न, खातं आम्हालाच चोर ठरवेल का. मालाशिवाय बिल दिलं तर कलम १२२ खाली १० हजार रुपये किंवा कराइतका दंड, यांपैकी जे जास्त ते. रक्कम पाच कोटींच्या वर गेली तर कलम १३२ खाली दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तुमच्या बिलांचा आकडा तिथपर्यंत जात नसेलही, पण साखळीचा एकत्रित आकडा सहज जातो आणि समन्स साखळीतल्या सगळ्यांना येतं. अशा वेळी अधिकाऱ्यासमोर बसणारे सगळेच म्हणतात, साहेब, आमचं लॉगिन कुणीतरी वापरलं. खोटी बिलं खरोखरच विकणारा दलालही हेच म्हणतो. मग अधिकाऱ्यानं विश्वास कुणावर ठेवायचा? तो तारखा बघतो. तुमची तक्रार नोटिशीच्या आधीची आहे की नंतरची. नोटीस आल्यावर केलेली तक्रार हा बचाव वाटतो, आधीची तक्रार ही खबर ठरते. म्हणून त्या आवक शिक्क्यासाठी मी एवढा आग्रह धरतोय. आज जमलं तर आज.

पोलिसांकडं जाताना नागपुरात, आणि बहुधा सगळीकडंच, एक टोलवाटोलवी होते. ठाण्यात म्हणतात, हे जीएसटीचं प्रकरण, तिकडं जा. जीएसटीत म्हणतात, आधी एफआयआर आणा. दोघांना वेगवेगळं मागा म्हणजे टोलवता येत नाही. जीएसटीकडं परतावा अडवणं, बिलं, क्रेडिट. पोलिसांकडं बनावट सही, तोतयेगिरी, ओळखीची चोरी. कराचा शब्दही फार न काढता लिहा: आमच्या फर्मच्या नावानं बनावट कागदपत्रांवर बँक खातं उघडलं, आमचं डिजिटल लॉगिन परवानगीशिवाय वापरलं, सरकारकडून आमचे पैसे उकळण्याचा प्रयत्न केला. भारतीय न्याय संहितेत ३१८ आणि ३१९ ही फसवणूक-तोतयेगिरीची कलमं, ३३६ पासून बनावटीकरणाची, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी आणि ६६डी. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंद करा, तिचा क्रमांक घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा. एफआयआर घेतच नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी, आणि तरी नाही झालं तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकारी. एवढी वेळ सहसा येत नाही. नीट लावलेली फाइल घेऊन गेलं की ठाण्यातला सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

तपास करणाऱ्याला सगळ्यात चांगला धागा त्या परराज्यातल्या बँक खात्यात मिळेल. परताव्याचं खातं नोंदणीदाराच्या नावाचं आणि त्याच्याच पॅनवर उघडलेलं असावं लागतं, असा नियम आहे, ९६-सी. चोराला स्वतःच्या नावाचं खातं लावता येत नाही. म्हणजे कुणीतरी तुमच्या फर्मच्या नावाचा करारनामा बनवला, पॅनची प्रत मिळवली, एक खरा माणूस शाखेत किंवा व्हिडिओवर बसला, त्याचा फोटो निघाला, त्यानं सही केली. ते केवायसीचं पाकीट अजून बँकेत आहे. शाखा व्यवस्थापकाला आणि बँकेच्या तक्रार निवारणाच्या नोडल अधिकाऱ्याला आजच मेल करा की हे खातं आमचं नाही, व्यवहार थांबवा, कागदपत्रं जपून ठेवा. प्रती ते तुम्हाला देणार नाहीत, पोलिसांना देतील.

ही टोळी म्हणजे एक माणूस नसतो, म्हणून एकाला पकडून ती संपत नाही. कागद गोळा करणारा वेगळा. कर्ज मिळवून देतो, नोकरी लावतो म्हणून आधार-पॅनच्या प्रती घेणारा, कधी नुसता झेरॉक्सवाला. खाती भाड्यानं देणारा वेगळा, त्याला महिन्याला काही हजार मिळतात आणि पोलीस सहसा त्याच्यापर्यंतच पोचतात. पोर्टलवर बसणारा वेगळा, तो रिटर्न भरण्यात आपल्यापेक्षा तयार असतो, आम्हा कर सल्लागारांच्याच धंद्यातून गेलेला. बिलांचा दलाल वेगळा, टक्केवारीवर बोलणारा. रोकड फिरवणारा शेवटी. यांच्यापैकी निम्मे एकमेकांना नावानं ओळखतही नाहीत. न्याय संहितेचं कलम १११ संघटित गुन्ह्याचं आहे आणि त्यात आर्थिक आणि सायबर गुन्हे धरलेत, पण ते लागायला टोळीवर आधीच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं असावी लागतात. त्यामुळे तपास अधिकाऱ्याला सांगा की बँक खात्याचा फोटो, मोबाइल नंबर इतर राज्यांतल्या गुन्ह्यांशी ताडून बघा. वेगवेगळ्या ठाण्यांतले सुटे गुन्हे एकत्र आले तरच वरची माणसं हाती लागतात.

आणि जुन्या फर्मच का? कारण नवी बनावट नोंदणी घेणं अवघड होत चाललंय. १६ मे ते १५ जुलै २०२३ या देशव्यापी मोहिमेत जवळपास २२ हजार नोंदण्यांच्या पत्त्यावर कुणीच नसल्याचं निघालं, संशयित करचुकवेगिरी २४ हजार कोटींच्या घरात. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसरी मोहीम झाली. नव्या अर्जदारांपैकी जोखमीच्या लोकांना आता बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर बोलावतात. ही सगळी चाळणी नव्यांसाठी. २०१७ पासून चालू असलेल्या फर्मला कुणी ठसे मागत नाही, तिचा मागचा इतिहास स्वच्छ, अधिकाऱ्याला संशय येत नाही. नवं घर बांधायला परवानगी मिळेना, तेव्हा चोर वस्तीतल्या घरात भाडेकरू म्हणून शिरायला लागले.

त्यात आपल्या नियमांत एक फट आहे. धंद्याचं नाव, पत्ता, भागीदार घालणं-काढणं या मुख्य दुरुस्त्यांना अधिकाऱ्याची मंजुरी लागते. पण स्वाक्षरीदार आणि बँक खातं या दुय्यम दुरुस्त्या. ओटीपी टाकला की आपोआप मंजूर. पत्ता बदलायला १५ दिवस आणि पैसा जाणारं खातं बदलायला १५ मिनिटं. माझं मत विचाराल तर बँक खातं बदलल्यावर किमान महिनाभर त्या खात्यात परतावा देऊ नये, आणि बदलाची खबर प्रत्येक जुन्या भागीदाराच्या मोबाइलवर जावी. निवेदनांत हे मी लिहून दिलंय.

फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या कर खात्यानं संसदीय समितीपुढं सांगितलं की सुमारे एक लाख करदात्यांची ऑनलाइन खाती वापरून टोळ्यांनी ४ कोटी ७० लाख पौंड परतावा उकळला. त्यांची यंत्रणा कुणी फोडली नव्हती. बाहेर मिळालेली लोकांची माहिती वापरून चोर सरळ दारानं आत गेले होते.

आपल्याकडं ती किल्ली कुणी दिली? आम्ही कर सल्लागारांनी दिली. कबुलीच देतो. २०१७ च्या जूनमध्ये व्हॅटमधून जीएसटीत येताना पोर्टल दर तासाला बसत होतं, व्यापारी म्हणत, सर, तुम्हीच करा न, आम्ही काऊन डोकं लावावं त्यात. मी माझ्या ऑफिसचा एकच मोबाइल आणि एकच जीमेल पन्नासावर फर्मच्या नोंदणीत टाकला. इतवारी, गांधीबाग, कळमना, वाडीचे ट्रान्सपोर्टवाले, सगळे त्यात. सोय झाली. पासवर्डही एकाच धाटणीचे, फर्मचं नाव आणि पुढं १२३. माझ्याकडं कामाला असलेला एक मुलगा २०१९ मध्ये सोडून गेला, तेव्हा त्याच्या फोनवर ते जीमेल चालू होतं आणि हे मला कळायला आठ महिने लागले. त्यानं काही केलं नाही, भला मुलगा निघाला. पण माझ्या पन्नास अशिलांचं नशीब आठ महिने त्याच्या भलेपणावर होतं. त्यानंतर दोन महिने बसून एकेका फर्मचा मोबाइल-ई-मेल मालकाच्या नावानं करून घेतला. निम्मे अशील चिडले, कारण आता दर महिन्याला ओटीपीसाठी त्यांना फोन येतो. अजून चिडतात.

तुमच्या फर्ममध्ये कुणाचा नंबर आहे ते बघा. जुन्या कन्सल्टंटचं ई-मेल निघालं तर लगेच त्यांच्यावर आळ घेऊ नका, त्यांचं मेल कुणी उघडलं असेल हे त्यांनाही माहीत नसण्याची शक्यता जास्त. हल्ली व्हॉट्सॲपवर ‘जीएसटी नोटीस’ नावाची एपीके फाइल येते, ती दाबली की फोनमधले मेसेज दुसरीकडं जायला लागतात. खऱ्या पत्राची शहानिशा सरकारी संकेतस्थळावर त्याचा संदर्भ क्रमांक किंवा डीआयएन (पत्रावरचा ओळख क्रमांक) टाकून होते, फाइल उघडून नाही. तुमच्या जुन्या कन्सल्टंटना फोन करा, दोघं मिळून ई-मेल बदलून घ्या, आणि त्यांच्याकडून तसं लेखी घ्या की हा ई-मेल आमचा होता आणि या तारखेला काढला. पोलिसांना ते लागेल.

सावरल्यावर दोन गोष्टींची सवय लावून घ्या. ‘सर्च बाय पॅन’मध्ये फर्मचा आणि प्रत्येक भागीदाराचा पॅन टाकून बघा, तुमच्या पॅनवर दुसऱ्या राज्यात कुणी नोंदणी घेतली असेल तर तिथं दिसते. लॉगिन लागत नाही, दोन मिनिटांचं काम. आणि आयकराच्या एआयएसमध्ये (पोर्टलवरच्या वर्षाच्या व्यवहारांच्या पत्रकात) जीएसटीची उलाढाल येते, ती आपल्या वहीशी जुळते का ते बघा. मागं एका भाजीच्या अडत्याला तिथं काही कोटींची लोखंडाची उलाढाल दिसली होती. बिचारा आधी खूश झाला, त्याला वाटलं बँक आता लोन देईल.

डीएससी (डिजिटल सही) वापरत असाल तर टोकन मालकाच्या कपाटात, कन्सल्टंटच्या ड्रॉवरमध्ये नाही. ई-वे बिलाला १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी आहे, तिथंही नंबर कुणाचा आहे ते तपासा. आणि टीडीएसची रक्कम वर्षानुवर्षं लेजरमध्ये साचू देऊ नका. त्या परताव्याला दोन वर्षांची मुदत लागू नाही म्हणून कंत्राटदार निवांत असतात, पण ज्या लेजरमध्ये ११ लाख पडून आहेत तेच चोराला दिसतं. दर तिमाहीला मागून घ्या किंवा कर भरण्यात वापरा.

पकडले जातील का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच. खातं भाड्यानं देणारा बहुधा सापडेल. त्याच्यावरचा सापडेल का हे त्या बँकेच्या फाइलमधल्या मोबाइल नंबरवर अवलंबून आहे. तुमचे ११ लाख लेजरमध्ये परत येणं आणि १४ बिलांतून तुमचं नाव सुटणं, या दोन गोष्टी मात्र त्यांच्या पकडण्यावर अवलंबून नाहीत, त्या तुमच्या फाइलवर आहेत.

तुमच्या अकाउंटंटनं सुचवलंय म्हणे की हा नंबरच रद्द करून नवा घेऊ. मुळीच नको. खोटी बिलं काढून नोंदणी रद्द करणं ही बिल विकणाऱ्यांचीच रीत आहे, तुमचा अर्ज त्याच ढिगात पडेल. रद्द करण्याचा अर्ज केला की नोंदणी निलंबित होते, आणि निलंबन असेपर्यंत करपात्र पुरवठा करता येत नाही, म्हणजे धंदाच अडकेल. सरकारी खात्यांकडची तुमची बिलं याच नंबरावर आहेत. नंबर ठेवा. आजचं पत्र दोन प्रतींत काढा, दोन्ही भागीदारांनी सही करा, आणि ऑफिस बंद व्हायच्या आत आवक खिडकीवर पोचा. दुपारच्या सुट्टीनंतर तिथं गर्दी कमी असते.